रोलरच्या सावलीतला थांबा

माणसाने बनवलेल्या सगळ्या यंत्रांत रोडरोलर हे सर्वांत निरुपद्रवी यंत्र आहे. तो चालत्या माणसापेक्षा हळू चालतो, कुणाला कट मारत नाही, हॉर्न वाजवून कुणाचं लग्न जाहीर करत नाही आणि सकाळी जिथून निघतो तिथेच संध्याकाळी परत येतो. आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एवढं सद्गुणी वाहन दुसरं नाही. हे मत मी बनवलं तेव्हा एका रोलरच्या सावलीत बसलो होतो आणि ते पावणेबारापासून बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकलं.

रोलरच्या सावलीत बसण्याची कुणालाही हौस नसते. पण शेवगाव-नेवासा रस्त्यावरच्या कुंभारतळे फाट्यावर दुसरी सावलीच उरली नव्हती. रुंदीकरणात आधी सहा लिंबाची झाडं गेली. मग गाडीच्या थांब्याची पत्र्याची शेड गेली. झाडांच्या बदल्यात झाडं लावण्यात येतील आणि शेडच्या बदल्यात शेड बांधण्यात येईल, असा फलक उभा केलेला होता. फलक दीड फूट रुंद होता, त्यामुळे त्याची सावली एका माणसाला पुरत नसे. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. साडेबाराची गाडी पकडायला आलेले आम्ही नऊ जण आपोआप रोलरला चिकटलो.

रोलर दोन ड्रमांचा होता. एक पुढे, एक मागे, मध्ये सीट आणि वर छप्पर. तोंड शेवगावकडे करून तो आदल्या दिवशी झालेल्या थंड रस्त्यावर उभा होता. त्याच्या पाठीमागे, नेवाशाच्या बाजूला, नवं डांबर पडणार होतं. डांबराचा डंपर अजून आला नव्हता, त्यामुळे रोलरचा ऑपरेटर जेम्स खाली उतरून बाटलीतलं पाणी पीत होता. चौपन्न वर्षांचा, बारीक, डोक्याला टॉवेल बांधलेला माणूस. चोवीस वर्षं रोलर चालवत होता. आम्ही येऊन बसल्यावर त्याने आमच्याकडे, शेतात शिरलेल्या डुकरांकडे बघावं तसं बघितलं.

"इथं बसू नका," तो म्हणाला. "आत्ता माल येईल. मशीन मागं घ्यावं लागंल."

आम्ही मान डोलावली आणि बसून राहिलो. भर दुपारी सावलीची एक अडचण असते. ती लांब पडत नाही, यंत्राच्या पोटाखाली शिरते. बारा वाजायला आले तसतसे आम्हीही सावलीबरोबर सरकत ड्रमाला टेकलो.

सुरक्षिततेची व्यवस्था तिथे नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. तीन नारिंगी शंकू होते. त्यातल्या एकावर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवण्याचा प्रयत्न केला होता, दोन उलटे करून त्यांत पिशव्या ठेवल्या होत्या. लाल-पांढरी पट्टी होती. तिच्यातली चार हात पट्टी आमच्यातल्या लंकाबाईंनी तोडून आपल्या बोचक्याला बांधली होती. लंकाबाई लेकीकडे निघाल्या होत्या. बोचक्यात कुरडया होत्या आणि पट्टी मजबूत निघाली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. रोलर मागे येताना टी-टी असा वाजणारा भोंगाही होता. त्याची वायर मात्र साइट इंजिनिअर केदारने काढून ठेवायला लावली होती, कारण भोंगा वाजला की त्याला फोनवरचं ऐकू येत नसे. ती वायर परत जोडा, असं जेम्सने तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा केदार फोनवर होता.

बारा वाजता डंपर आला. माल पसरणारा पेव्हर घरघरला आणि काळा, वाफाळता थर मागच्या बाजूला पसरत निघाला. केदार टोपी सावरत आला, लांब दांड्याचा थर्मामीटर थरात खुपसला आणि "एकशेअडतीस" असं ओरडला. हे सगळं काम तापमानाचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. थर गरम आहे तोवरच रोलर फिरायला हवा. शंभराच्या आसपास आला की कितीही दाबा, तो दबत नाही. मग तेवढा तुकडा नापास होतो आणि उकरावा लागतो. तीन वाजता पाहणीसाठी नगरहून मोठे साहेब येणार होते.

जेम्स शिडीकडे गेला, पण चढला नाही. तो रोलरभोवती चालू लागला. प्रत्येक ड्रमापाशी वाकून खाली बघायचा, हात घालून चाचपायचा, पुढे सरकायचा. आम्हाला वाटलं, काही पडलं असेल.

आमच्यात विष्णुपंत होते. पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही गोष्ट चुकीच्या क्रमाने होत असेल तर त्यांना बसवत नसे.

"जेम्सराव," ते म्हणाले, "प्रदक्षिणा उजवी घालतात. तुम्ही उलटे फिरताय."

"शिडी ह्या बाजूला हाय, पंत," जेम्स म्हणाला आणि मागच्या ड्रमापाशी थांबला.

तिथे सहादेवबाबा झोपले होते. मेंढरं राखणारे, कानाने अधू, सत्तरीच्या पुढचे. आमच्याही आधी कधीतरी येऊन ड्रमाच्या आणि रस्त्याच्या मधल्या बेचक्यात, डोकं लोखंडापासून वीतभर अंतरावर ठेवून ते गाढ झोपलेले होते. मी तिथे पंचवीस मिनिटं बसलो होतो. मला ती घोंगडी वाटली होती. माझं पहिलं मत बारा वाजून दहा मिनिटांनी मोडलं ते असं.

जेम्सने त्यांना उठवलं. चिडला नाही, उलट उठवताना त्याने त्यांच्या डोक्याखाली हात धरला. मग मला, मी जवळ होतो म्हणून, त्याने कल्याणची गोष्ट सांगितली. कल्याण आणि तो एकाच वर्षी रोलरवर लागले. सहा वर्षांपूर्वी एका कामावर जेवणाच्या सुट्टीनंतर कल्याण सीटवर चढला आणि रोलर दोन फूट मागे घेतला. फक्त दोन फूट. मागे एक मजूर सावलीला झोपलेला होता. जीव वाचला, पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही. कल्याण आता बकऱ्या सांभाळतो आणि खाली बसायच्या आधी जमीन बघून घेतो.

"तवापासून मी फेरी मारल्याशिवाय चढत न्हाई," जेम्स म्हणाला. "उतरलो की फेरी, थांबलो की फेरी. कोनी हसलं तरी."

हसत कुणीच नव्हतं. उलट फेरीचा परिणाम फारच चांगला झाला होता. ख्रिस्ती माणूस यंत्राभोवती एवढ्या श्रद्धेने फिरतो म्हटल्यावर लंकाबाईंना राहवलं नाही. त्यांनी कनवटीची पुडी काढली आणि पुढच्या ड्रमाला बोटभर कुंकू लावलं. जेम्स टॉवेल घेऊन धावला. ड्रमाला काही लावायचं नाही, ते रस्त्यावर छापलं जातं, असं त्याने त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, मग चांगलंच की.

यानंतर जेम्स सीटवर बसला, पट्टा लावला, आम्हाला लांब जायला सांगितलं आणि आम्ही लांब गेलो. रोलर मागे सरकला, वाफाळत्या थरावर चढला, पेव्हरपर्यंत जाऊन त्याच रेषेत परत आला. काम फार सुंदर दिसत होतं. अडचण एवढीच झाली की रोलर गेला तेव्हा त्याच्याबरोबर सावलीही गेली. थंड रस्त्यावर तो परत आला तेव्हा आम्ही परत त्याला चिकटलो. तो पुन्हा मागे निघाला, तेव्हा दोघंतिघं साइडपट्टीवरून त्याच्या कडेने चालू लागले. उन्हात उभं राहण्यापेक्षा सावलीत चालणं बरं, हा त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. रोलर माणसापेक्षा हळू चालतो हे मी वर सांगितलंच आहे.

जेम्स थांबला. गरम थरावर रोलर उभा करता येत नाही, तिथे खड्डा बसतो. म्हणून तो पुढे थंड रस्त्यावर आला, उतरला आणि फेरी मारली. लंकाबाई बोचकं घ्यायला परत ड्रमापाशी आल्या होत्या. त्यांना बाजूला करून चढेपर्यंत केदारने "एकशेपंचवीस" असं ओरडून सांगितलं. असं तीनदा झालं.

केदार तिशीतला, पुण्यात शिकलेला मुलगा. स्वभावाने वाईट नव्हता. सगळं सुरळीत असलं की तो "जेम्सभाऊ" म्हणे, काम अडलं की नुसतं "जेम्स". आता तो "ऑपरेटर" म्हणू लागला होता. त्याने आम्हाला हात जोडून सांगितलं की अर्ध्या किलोमीटरवर शाळेपाशी चिंच आहे, तिथे जाऊन बसा.

"आन् गाडी निघून गेली म्हंजे?" लंकाबाई म्हणाल्या. "तू सोडशील का मला रोलरवर?"

विष्णुपंतांनी मुद्दा कायदेशीर केला. थांबा अधिकृतपणे फाट्यावर आहे. शेड पाडली म्हणजे थांबा रद्द झाला असा लेखी आदेश कुणी दाखवावा. चालक माणसं दिसतील तिथे गाडी थांबवतो, म्हणजे आज थांबा रोलरपाशीच आहे. केदारने हे सगळं ऐकून घेतलं आणि मग आमच्याशी बोलण्यात अर्थ नाही म्हणून जेम्सकडे वळला. आपल्याकडे राग नेहमी ज्याला नोकरी असते त्याच्यावर निघतो.

"एकशेअठरा झालंय," तो म्हणाला. "लोक होतात बाजूला, तुम्ही मशीन सुरू ठेवा. दर वेळी उतरून काय ओवाळताय? हा तुकडा गेला ना, तर उद्यापासून सीटवर समर्थ बसेल. तुम्ही प्लँटवर गेट सांभाळा."

समर्थ हा दुसरा ऑपरेटर. त्याचे व्हिडिओ सगळ्या तालुक्याने पाहिले होते. चालत्या रोलरवर उभा राहून, गॉगल लावून, हात सोडून. त्याच्या कामाला वेग होता कारण तो मागे बघत नसे.

चोवीस वर्षं माणूस एका सीटवर बसला की गेटवरचा स्टूल त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहतो. जेम्सने एकदा थराकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. आम्ही नजर चुकवली, पण जागा सोडली नाही. ऊन तसं होतं.

मग तो रिकाम्या डंपरकडे गेला. गरम माल झाकायची ताडपत्री ड्रायव्हरकडून मागून घेतली, एक कड डंपरच्या फाळक्याला बांधली आणि दुसरी त्या दीड फुटी फलकाच्या खांबाला. बांधायला लाल-पांढरी पट्टी कमी पडली तेव्हा लंकाबाईंच्या बोचक्याची सोडून घेतली. ताडपत्रीला डांबराचा वास होता आणि खाली भट्टीसारखं उकडत होतं, पण सावली होती, आणि मुख्य म्हणजे ती एका जागी होती. आम्ही नऊ जण आणि सहादेवबाबा तिच्याखाली गेलो. रस्त्यावरून येणारी गाडी तिथून दिसत होती. लंकाबाई म्हणाल्या, हे आधी केलं असतं तर. जेम्सच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच वैताग दिसला.

या सगळ्यात दहा मिनिटं गेली. केदारचा फोन वाजला. साहेब वेळेआधीच निघाले होते. तो फोन कानाला लावूनच पळत गेला आणि आम्हाला दिसेनासा झाला. जेम्स शिडीवर चढला, सीटवर बसला, इंजिन सुरू केलं.

"एकशेचार!" केदारचा आवाज आला. "घ्या मागे! घ्या, घ्या!"

जेम्सने दोन्ही आरशांत बघितलं. आरशांत रस्ता दिसत होता, वाफ दिसत होती, माणूस दिसत नव्हता. त्याने इंजिन बंद केलं.

"आता काय झालं? बंद कशाला केलं? घ्या मागे म्हणतोय ना!"

जेम्सने पट्टा सोडला. तो उतरला. ताडपत्रीखालून आम्ही सगळे बघत होतो आणि खरं सांगायचं तर आम्हालाही आता तो फार ताणतोय असं वाटायला लागलं होतं. माणसं तर सगळी इथे होती. विष्णुपंतांनी बोटांवर आम्हाला मोजलं आणि दहा भरले म्हणून सांगितलं. जेम्सने पुढचा ड्रम बघितला. हात घातला, चाचपलं. दुसऱ्या अंगाने वळून मागे गेला आणि तिथे उभा राहिला.

मागच्या ड्रमापासून दोन फुटांवर केदार उकिडवा बसला होता. रोलरकडे पाठ, थर्मामीटर थरात खुपसलेला, फोन कान आणि खांदा यांच्यात धरलेला. फोनवर तो नगरच्या साहेबांना सांगत होता की चालूच आहे साहेब, रोलर चालूच आहे, मी स्वतः उभा राहून करून घेतोय. मधेच फोनवर हात ठेवून, मान न वळवता, तो परत ओरडला, "अहो, घ्या ना मागे!"

जेम्सने विचारलं,

"साहेब, घेऊ?"

केदारने वळून बघितलं. आधी त्याला जेम्स दिसला, मग जेम्सच्या शेजारचा ड्रम, मग ड्रम आणि आपल्या पाठीतलं अंतर. फोनमधून साहेब हॅलो हॅलो करत होते. तो उठला. थर्मामीटर उचलायचा विसरला, तो जेम्सने उचलून त्याच्या हातात दिला. केदार चालत साइडपट्टीवर गेला आणि तिथल्या दगडावर बसला. त्याने टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

जेम्सने उरलेली फेरी पूर्ण केली. शिडी त्या बाजूला होती.

नंतर त्याने तो तुकडा दाबून काढला. नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या. दोन ठिकाणी थोडं वर-खाली राहिलं, ते डोळे बारीक केल्यावरच दिसत होतं. सव्वादोनला साहेब आले. गाडीतून उतरले, चार पावलं चालले आणि नव्या काळ्या रस्त्यावर ठरावीक अंतराने उमटलेले फिकट लाल ठिपके बघून थांबले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. केदारने सांगितलं की मार्किंग आहे. साहेबांनी चांगलं आहे म्हटलं. ताडपत्रीखाली बसलेल्या आम्हा लोकांकडे बघून, प्रवाशांसाठी सावलीची सोय केल्याबद्दल त्यांनी केदारचं कौतुकही केलं आणि आमच्यासह एक फोटो काढून घेतला. साहेब गेल्यावर केदारने सुरक्षिततेची वही काढली, त्या दिवसाच्या रकान्यात 'अपघात: निरंक' असं लिहिलं, सही केली आणि स्वतः रोलरपाशी जाऊन भोंग्याची वायर जोडली. समर्थचं नाव त्याने परत काढलं नाही. जेम्सला "जेम्सभाऊ, पाणी घेता का?" असं विचारलं. जेम्सने घेतलं.

तीन वाजले तरी गाडी आली नव्हती. लंकाबाईंचं म्हणणं पडलं की गाडी बंद पडली असणार. सहादेवबाबांना गाडीने जायचंच नव्हतं, ते सावलीला आले होते, पण आता त्यांनाही उत्सुकता होती. शेवटी विष्णुपंतांनी चष्मा लावला, फोन काढला आणि नोकरीत असतानाच्या आवाजात डेपोला विचारलं, कुंभारतळे फाट्यावरची साडेबाराची गाडी कुठे आहे. पलीकडच्या माणसाने त्यांना बराच वेळ काहीतरी वाचून दाखवलं. विष्णुपंतांनी ते, सवयीप्रमाणे, आम्हाला क्रमाने सांगितलं.

रोलर चालू असताना प्रवाशांच्या जिवाला धोका नको म्हणून या रस्त्यावरच्या गाड्या आठ दिवस कालव्याच्या रस्त्याने वळवाव्यात, असं पत्र सोमवारी डेपोला मिळालं होतं. सुरक्षिततेच्या बैठकीत ही मागणी ऑपरेटरने केली होती. पत्र केदारने टाइप केलं होतं आणि पाठवून विसरून गेला होता. खाली ऑपरेटर म्हणून जेम्सची सही होती; त्या पत्राचं पुढे काय झालं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी जेम्सकडे बघितलं. जेम्सने केदारकडे बघितलं. केदार फोनवर होता.

साडेबाराची गाडी कालव्याच्या रस्त्याने गेली होती. वेळेवर.